पहाटेच्या गारठ्यात डिस्क गोल्फ खेळताना हातांची काळजी

पुण्यात डिस्क गोल्फ, म्हणजे चकती (डिस्क) फेकून ती साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ, शिकू लागलेल्या मंडळींना पहिल्याच हिवाळ्यात एक प्रश्न पडतो : ऑक्टोबरमध्ये नीट बसलेली फेक डिसेंबरात बिघडली कशी? माझीही तीच गत झाली होती. पाषाणच्या बाजूला एका माळावर घडीची बास्केट उभी करून आम्ही चौघे सकाळी साडेसहाला सराव करत असू. तिथला पारा बहुतेक वेळा शिवाजीनगरपेक्षा थोडा खालीच असतो, आणि तो 10 अंशांच्या आत आला की गवत दवाने ओलेचिंब झालेले असते. अशाच एका सकाळी, 10 मीटरच्या आतून एरवी सहज साखळ्यांत जाणारा पुटर, म्हणजे जवळून फेकायची डिस्क, माझ्या हातून निसटला आणि बास्केटच्या अलीकडेच पडला. तर्जनीचे टोक पांढरे पडले होते. अंगठ्याचे नख रुतवून पाहिले, तर जाड कापडावरून कोणी दाबावे इतकेच जाणवले.

मी हात चोळू लागलो, तेव्हा आमच्यातले सर्वांत अनुभवी खेळाडू, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते म्हणाले, "हात चोळत बसू नकोस. आधी डिस्क पूस, मग पोट झाक." त्या दोन वाक्यांचा अर्थ मला पुढे हळूहळू उलगडत गेला.

पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे दवात भिजलेली डिस्क हातात धरणे म्हणजे बोटांतली ऊब स्वतःहून देऊन टाकणे होय. म्हणून मी दोन पंचे नेतो. एक डिस्क पुसण्यासाठी पिशवीला बांधलेला असतो आणि दुसरा, फक्त हातांसाठीचा, जॅकेटच्या आत कोरडा राहतो. ही वाटणी मोडली की तासाभरात दोन्ही पंचे ओले होतात आणि मग कशाचाच उपयोग राहत नाही. गारठ्यात काही प्लास्टिक कडक आणि गुळगुळीत होते, तेव्हा नवशिक्यांनी अशा सकाळी मऊ, किंचित खरबरीत प्लास्टिकचा पुटर वापरावा.

पोट झाकण्याचे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. धड गार पडू लागले की शरीर आतले अवयव जपण्यासाठी हातापायांच्या बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि मग बाहेरून कितीही शेकले तरी बोटे लवकर ताळ्यावर येत नाहीत. बिनबाह्यांचा स्वेटर, कानटोपी आणि मनगट झाकणारी लोकरी पट्टी एवढ्यावर माझे काम भागते, शिवाय खांदाही मोकळा राहतो. फेकीच्या हातात हातमोजा घालू नये, असे माझे ठाम मत आहे. डिस्क सुटण्याच्या क्षणी तिची कड बोटाच्या पेराला जाणवली पाहिजे, आणि मोजा नेमकी तीच जाणीव हिरावून घेतो. दुसऱ्या हातात तो खुशाल घालावा.

दोन फेकींच्या मधला वेळ हीच हात गरम करण्याची खरी संधी आहे. बोटे बधिर वाटली तर ती काखेत धरावीत, किंवा हात सरळ ठेवून खांद्यापासून मोठी वर्तुळे काढावीत, म्हणजे रक्त बोटांच्या टोकांपर्यंत ढकलले जाते. बाजारात लोखंडाच्या भुकटीची पाकिटे मिळतात. हवा लागताच ती भुकटी गंजू लागते आणि त्या क्रियेतून काही तास ऊब मिळते. आपल्याकडे नऊ-साडेनऊला ऊन चढते, तेव्हा उरलेले पाकीट हवाबंद पिशवीत घालून ठेवले तर क्रिया थांबते आणि तेच पुन्हा कामी येते. मला मात्र घरचा उपाय अधिक भावतो. बाळाला सर्दी झाली की आजी तव्यावर शेकून देते तशी जाड सुती कापडाची पुरचुंडी, फक्त ओव्याऐवजी खडेमीठ भरलेली, मी खिशात ठेवतो. माळावर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास ती पुरते, आणि बोटे सर्वाधिक आखडतात तीही याच वेळात. शेकोटीवर बधिर बोटे धरणे टाळावे, कारण चटका बसला तरी तो वेळेवर कळत नाही.

आणखी एक चूक नवी मंडळी हमखास करतात. थंड हवा अधिक दाट असते. 30 अंशांच्या तुलनेत 10 अंशांना तिची घनता सुमारे 7 टक्क्यांनी जास्त भरते, आणि त्यामुळे डिस्क थोडी अलीकडे पडू शकते. ते पाहून पकड आणखी आवळली की बोटे दमतात आणि अधिकच आखडतात. अशा वेळी पकड तीच ठेवून आहे ते अंतर मान्य करावे. मात्र बोटे वारंवार पांढरी किंवा निळी पडून दुखत असतील, तर ती केवळ थंडी समजू नये आणि पुढच्या सरावाआधी डॉक्टरांना दाखवावे.