छोट्या रेल्वेसाठी डिजिटल कंट्रोल: आधी अँपिअर बघा, मग कंपनी

"मॉडेल रेल्वे चालवायला कोणती डिजिटल सिस्टीम घेऊ?" असं कुणी विचारलं की लोक लगेच कंपनीचं नाव सांगून मोकळे होतात. मी विचारतो, एका वेळी किती गाड्या पळवणार? लातूरला आमच्या वरच्या खोलीत १६.५ मिलिमीटरच्या रुळांची एचओ (खऱ्याच्या १/८७ आकाराची) मांडणी आहे आणि तिच्या कडेने ९ मिलिमीटरवर बार्शी लाइट ही अरुंद रुळांची जुनी गाडी धावते. (खरा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ येतात, म्हणून एन या लहान स्केलचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ चालून जातात.) या मांडणीने माझ्या दोन सिस्टीम खाल्ल्या. आत्ताची तिसरी.

रूळ जोडलेले आहेत आणि साध्या डीसीवर गाडी अडखळत नाही, एवढं धरून चालतो. तिथेच अडखळत असेल तर डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणारी सिस्टीम) घेऊन काही सुधारणार नाही, उलट त्रास वाढेल. डीसीसीत रुळांत कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि इंजिनाला जाणारा आदेशही त्याच विजेतून जातो. माळवदाच्या खोलीत वरून माती गळते, ती रुळावर बसली की वीज आणि आदेश दोन्ही एकदम तुटतात.

डीकोडरची, म्हणजे इंजिनात बसून आदेश वाचणाऱ्या चिपची, चिंता सोडा. एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेचं मानक बहुतेक सगळे पाळतात, त्यामुळे एका कंपनीचा डीकोडर दुसरीच्या स्टेशनवर (रुळांत वीज आणि आदेश सोडणाऱ्या पेटीवर) चालतो. फक्त इंजिनातलं सॉकेट बघून घ्या, ८ पिनचं की नेक्स्ट१८ (१८ टोकांचं छोटं).

किती अँपिअर?

माझी चूक इथेच झाली, आणि येणारा प्रत्येक नवखा इथेच चुकतो.

आजचं एचओ इंजिन चालताना साधारण पाव ते अर्धा अँपिअर घेतं. घरात एकट्याने खेळताना दोन गाड्या पळतात, तिसरी यार्डात असते. म्हणजे २ ते ३ अँपिअर भरपूर झाले. पण "पुढे वाढवशील तेव्हा उपयोगी पडेल" असं एकाने सांगितलं आणि मी ५ अँपिअरची घेतली. खोक्यावर १०,२३९ पत्ते (इंजिनांना द्यायचे क्रमांक) लिहिलेले, माझ्याकडे इंजिनं चार.

महिन्याभरात एक इंजिन सांध्यावर घसरलं आणि चाक दोन्ही रुळांना टेकलं. मी खाली चहाला गेलो होतो. वर आलो तर प्लास्टिक जळाल्याचा वास, बोगी वितळून रुळाला चिकटलेली, आणि स्टेशन मात्र शांतपणे चालूच. शॉर्ट झाल्यावर ते बंद का पडलं नाही, हे समजायला मला दोन आठवडे लागले.

हिशोब साधा आहे. बारीक तार आणि रुळांचे सैल जॉइनर मिळून वाटेत ३ ओहमचा रोध होता. १४ व्होल्टला ३ ने भागा, शॉर्टमधून पावणेपाचच्या आत करंट वाहतो. स्टेशन तुटणार (आपोआप बंद पडणार) ५ अँपिअरवर, म्हणजे त्याच्या लेखी शॉर्ट झालाच नाही! पण तेवढ्यात साधारण ६५ वॅटची उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्या ६५ पैकी थोडी जरी चाकाशी गेली तरी बोगीचं काय होणार ते सांगायला नको. तिथे २ अँपिअरचं स्टेशन असतं तर पापणी लवायच्या आत बंद पडलं असतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: पहिली सिस्टीम ३ अँपिअरच्या वर घेऊ नका. पुढे खरंच वाढलात तर जास्तीचे अँपिअर पुरवणारा बूस्टर वेगळा मिळतो. आणि घ्याल ती कोणतीही असो, मांडणीखालून दीड चौरस मिलिमीटरच्या घरगुती वायरची जोडी फिरवा आणि दर मीटरभर अंतरावर रुळांना तार सोल्डर करा. पत्र्याच्या जॉइनरवर विसंबू नका, आमच्याकडच्या उन्हाळ्यात रूळ फुगतात आणि दिवाळीपर्यंत जॉइनर सैल झालेले असतात.

मग नाण्याची परीक्षा. रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवा. स्टेशन तत्क्षणी तुटलं पाहिजे. हातभर पुढे सरका, पुन्हा ठेवा. सगळी मांडणी अशी फिरून या, सांधे आणि बोगद्यातला कोपरा सोडू नका. जिथे तुटायला वेळ लागला तिथे तार कमी पडते आहे.

५ अँपिअरची आधीच घेऊन बसला असाल तर मोंढ्याजवळच्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानातून गाडीच्या ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणा आणि प्रत्येक भागाच्या एका तारेत सिरीजमध्ये जोडा. शॉर्ट झाला की बल्ब पेटतो आणि करंट २ च्या आसपास अडकतो. बल्ब तापतो, प्लायवूडला टेकू देऊ नका. बल्ब लावलेल्या भागात नाण्याने स्टेशन तुटत नाही, बल्ब लख्ख पेटतो का एवढंच बघायचं.

थ्रॉटल

डीकोडर सगळीकडे चालतो, थ्रॉटल (गाडी चालवायचा हातातला कंट्रोलर) नाही. तो स्टेशनला जोडायची वाट प्रत्येकाची वेगळी: डिजिट्रॅक्सची लोकोनेट, लेन्झ-रोकोची एक्सप्रेसनेट, एनसीईची तिची स्वतःची. आज एका वाटेने गेलात की दुसरं थ्रॉटलही सहसा त्याच वाटेचं घ्यावं लागतं. म्हणून फोटो बघून ठरवू नका, कुणाच्या तरी घरी जाऊन हातात धरून बघा. मला फिरवायचा नॉब लागतो. फोनवर गाडी चालवताना नजर पडद्यावर राहते आणि घसरलेला डबा दिसत नाही. पोरांना मात्र फोनच आवडतो, त्यांच्यासाठी वायफायची सोय असलेली घ्या.

हात सोल्डरिंगला सरावलेला असेल तर आर्दुइनो मेगा या छोट्या बोर्डावर चालणारं डीसीसी-ईएक्स हे घरी जुळवायचं स्टेशन सगळ्यात स्वस्त, सॉफ्टवेअर फुकट. जुन्या मोटर शील्डवरचा (मेगावर बसून रुळांना वीज देणाऱ्या बोर्डावरचा) व्हीइनचा जोड मात्र आधी कापा, नाहीतर रुळांचे १५ व्होल्ट मेगा बोर्डात शिरून तो जळू शकतो.

वीज

माझी दुसरी सिस्टीम इथे गेली. अमेरिकेतून आलेल्या सेटचा अ‍ॅडॉप्टर कधीकधी फक्त १२० व्होल्टचा असतो. मी तो न वाचता भिंतीत खोचला. त्यावर १००-२४० लिहिलेलं नसेल तर खोक्यातच राहू द्या आणि स्टेशनला चालेल असा, तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा इथला अ‍ॅडॉप्टर आणा. लाइट येता-जाता झटका बसतो, म्हणून लाइट गेली की आधी स्विच बंद करायचा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबायचं.

खोकं घरी आलं की थेट मांडणीला जोडू नका. टेबलावर दोन फूट रूळ ठेवा, नवं इंजिन त्यावर चढवा, पत्ता ३ टाका. कारखान्यातून बहुतेक इंजिनं त्याच पत्त्यावर येतात. पुढे-मागे चाललं, दिवा लागला, की मग दुसरा पत्ता द्या. तो इंजिनाच्या पोटाखाली पेन्सिलने लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी माझ्यासारखं एकेक आकडा टाकत बसाल.