कार्टूनवरच्या ऑनलाइन वादात तर्कदोष कसा पकडायचा, आणि पकडल्यावर काय करायचं

तर्कदोष (म्हणजे युक्तिवादातली चूक) म्हणून काही शोधलं की आधी यादीच हाताला लागते. पंचवीस-तीस नावं, निम्मी लॅटिन, प्रत्येकाखाली दोन ओळी आणि शेवटी सल्ला की एवढं पाठ करा, मग कुठल्याच वादात कुणी हरवू शकणार नाही. मी ती यादी खरंच पाठ केली होती. जळगावला कॉलेजला होते तेव्हा, आणि आमच्या मामे-मावस-आते भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोरेमॉन, शिनचॅन, छोटा भीम, 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू असं रोज काही ना काही पेटलेलं असायचं, तर मी दर मेसेजखाली दोषाचं नाव चिकटवत सुटायचे. एकालाही त्यातून काही पटलं नाही, आणि एकदा तर मी स्वतःच सपशेल चुकले. ते पुढे सविस्तर सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. यादी बाजूला ठेवा, त्याऐवजी हे करा.

पहिली पायरी: दावा एका ओळीत लिहून काढा

समोरच्याने दहा मेसेज टाकलेत, त्यात व्हॉइस नोट आहे, तीन मीम आहेत, दोन शिव्या आहेत. त्यातून "तुझं म्हणणं असं आहे का" अशी एकच ओळ लिहा आणि त्याच्याकडून "हो" घ्या. "हो" येईपर्यंत पुढे एक अक्षर लिहू नका, तो जे बोललाच नाही त्यावर तासभर भांडण होतं ते इथेच थांबतं.

दुसरी: ज्या शब्दावर सगळं उभं आहे तो शब्द पकडा

कार्टूनच्या वादात असे चार-पाचच शब्द असतात: स्ट्राँग, बेस्ट, ओरिजिनल, खरा, शेवटचा. दोघंही तोच शब्द वापरतात आणि दोघांच्या डोक्यात अर्थ वेगळा असतो, किंवा एकाच माणसाच्या डोक्यात वाद चालू असताना अर्थ बदलतो, आणि हे दुसरं जास्त वाईट.

आमच्याकडे एकदा छोटा भीम विरुद्ध गोकू चाललं होतं. एका भावाचं म्हणणं, भीमाच्या अंगात दहा हजार हत्तींचं बळ आहे, महाभारतात लिहिलंय, मग गोकू कसा जिंकेल? ऐकायला एकदम बिनतोड वाटतं. पण महाभारतातला भीम वेगळा आणि ढोलकपूरचा, टुनटुन मावशीचे लाडू खाऊन ताकद येणारा भीम वेगळा, ते कार्टून २००८ पासून पोगोवर आलंय आणि त्यातला मुलगा कुंतीचा मुलगा नाही. फक्त नाव सारखं म्हणून एकाची ताकद दुसऱ्याच्या खात्यावर टाकली. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, याला छल म्हणतात आणि त्याचं जुनं उदाहरण फार सुंदर आहे. कुणीतरी म्हणतं "हा मुलगा नवकंबल आहे", म्हणजे त्याच्याकडे नवं घोंगडं आहे, तर दुसरा म्हणतो छे, नऊ घोंगडी कुठायत, मला तर एकच दिसतंय! हे वाचल्यापासून मी ग्रुपवर इंग्रजी नाव सांगत नाही, नुसतं विचारते "नवं की नऊ?" आता सगळ्यांना कळतं.

तिसरी: माणसावरचं सगळं गाळा

"तू तर अजून हिंदी डबिंगमध्ये बघतेस", "तुझं वय काय", "आधी दहावी पास हो". उत्तर देऊ नका, पुढे चला.

चौथी: जो सांगतोय त्याच्याकडेच पुरावा मागा

शिनचॅनची ती अफवा तुमच्यापर्यंत आलीच असेल. शिनचॅन खरा मुलगा होता, बहिणीला वाचवताना गाडीखाली गेला, मग त्याच्या आईने रडत रडत खडूने त्याची चित्रं काढली वगैरे. आणि शंका घेतली की लगेच उत्तर येतं, "खोटं आहे हे सिद्ध करून दाखव." इथे भले भले फसतात आणि रात्रभर शोधत बसतात. हे काम आपलं नाहीच. ज्याने सांगितलं त्याने दाखवायचं की कुठला अपघात, कुठल्या साली, कुणी छापलं.

पण मी अजून एक सांगेन, जमत असेल तर आपल्याकडूनही एक तपासता येण्यासारखी गोष्ट टाका, फक्त एकच. शिनचॅन योशितो उसुई नावाच्या चित्रकाराने १९९० मध्ये काढायला सुरुवात केली, तीही मोठ्यांसाठीच्या मांगा (जपानी कॉमिक्स) साप्ताहिकात, आणि त्याच्या बहिणीचा, हिमावारीचा, जन्म त्यात १९९६ ला झाला. म्हणजे गोष्ट सुरू झाली तेव्हा ती बहीणच नव्हती. एवढं लिहायचं आणि थांबायचं. अफवा पसरवणारा वाईट असतो असं नाही हो, बहुतेकांना ती ऐकून खरंच वाईट वाटलेलं असतं, म्हणून तर ते पुढे पाठवतात.

पाचवी: "आधी हे झालं, मग ते झालं" म्हणजे कारण मिळालं असं नाही

पोकेमॉनवाल्यांना पोरिगॉन हे कॅरेक्टर माहीत असेल. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये जो एपिसोड लागला त्यातल्या लाल-निळ्या झपाझप चमकणाऱ्या उजेडामुळे जवळपास ६८५ जणांना, बहुतेक लहान मुलं, दवाखान्यात न्यावं लागलं, कुणाला फिट आली, कुणाला चक्कर. चार महिने मालिका बंद राहिली. एपिसोडच्या नावात पोरिगॉन, त्याची पहिलीच एंट्री, त्यामुळे खापर त्याच्यावर फुटलं आणि नंतर बिचाऱ्याला मालिकेत पुन्हा कधी धड काम मिळालं नाही. पण ती चमक पोरिगॉनने केलीच नव्हती, पिकाचूने क्षेपणास्त्रांवर वीज सोडली त्या स्फोटाची होती. पिकाचू आजही पहिल्या रांगेत. "अमुक कॅरेक्टर आलं आणि शो बिघडला" असं कुणी म्हणालं की मी हेच विचारते, बिघाड त्याने केला की तो फक्त तेव्हा तिथे होता?

सहावी: दोष सापडला म्हणून दावा खोटा ठरवू नका

आता मुख्य. बाकी सगळं महिनाभरात जमतं, हे जमायला मला काही वर्षं लागली आणि अजूनही घाईत असले की पाय घसरतो.

माझा मामेभाऊ अमळनेरला राहतो, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. एकदा रात्री त्याने ग्रुपवर टाकलं की टॉम अँड जेरीच्या शेवटच्या एपिसोडमध्ये दोघं रेल्वेच्या रुळावर जाऊन बसतात आणि मरतात. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे सगळ्यांना माहितीये, आणि "ताई, मी सोता देखेल शे" (अहिराणीत, म्हणजे मी स्वतः पाहिलंय). झालं. मी पाठ केलेली यादीच काढली. सगळे म्हणतात हा पुरावा नाही, एक. लहानपणी पाहिलेलं आठवतंय हाही पुरावा नाही, दोन, कारण आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग इतकं असायचं की एकही एपिसोड धड शेवटपर्यंत बघून व्हायचा नाही, अर्धा टीव्हीवर आणि अर्धा शाळेत कुणीतरी सांगितलेला. हे दोन्ही मुद्दे आजही मला बरोबर वाटतात. पण त्यावरून मी जे लिहिलं ते असं: म्हणजे असा एपिसोड नाहीच, तू ऐकीव गोष्टी पसरवतोस.

तीन दिवसांनी त्याने क्लिप टाकली.

एपिसोड आहे. 'ब्लू कॅट ब्लूज', नोव्हेंबर १९५६ चा. टॉमचं एका पांढऱ्या मांजरीवर प्रेम बसतं, ती पैसेवाल्या बुचकडे जाते, टॉम सगळं गमावून रुळावर जाऊन बसतो, जेरी हे सगळं आपल्याला सांगत असतो आणि शेवटी त्याचीही मैत्रीण दुसऱ्याशी लग्न करून निघून जाते म्हणून तोही त्याच्याशेजारी येऊन बसतो. गाडीची शिटी जवळ जवळ येते आणि संपतं. मी ते बघितलं आणि अर्धा तास काही लिहूच शकले नाही.

मला लाज वाटली ती हरल्याची नाही. त्या क्लिपनंतर सगळा ग्रुप असं धरून चालला की हाच शेवटचा एपिसोड आणि ते मेलेच, कारण "ताई नाही म्हणत होती आणि ताई खोटी निघाली". म्हणजे त्याच्या म्हणण्यातला जो भाग खरोखर चुकीचा होता तोही माझ्या घाईमुळे खरा ठरून गेला. हा शेवटचा नव्हता. मूळ निर्माते हॅना आणि बार्बेरा यांनी केलेले टॉम अँड जेरी १९५८ पर्यंत येत राहिले आणि १९६१ पासून दुसऱ्या लोकांनी नवे काढले. मुळात हे १९४० पासून थिएटरात दाखवायचे सुटे सुटे छोटे सिनेमे, त्यांना मालिकेसारखा शेवट असण्याचा प्रश्नच नाही. आणि मरताना दाखवलेलं नाही, शिटी ऐकू येते, बस. हे सगळं मला तेव्हा सांगता आलं असतं, पण माझं ऐकणार कोण?

तर आता मी काय करते ते सांगते, अगदी वहीत करते, डोक्यात नाही.

वहीच्या पानाला मधून रेघ मारायची. डावीकडे दावा, उजवीकडे त्याने दिलेलं कारण. दोष नेहमी उजवीकडे असतो. कारण कुचकामी निघालं तर उजवीकडची ओळ खोडायची, डावीकडे हात लावायचा नाही. डावीकडची ओळ अजून तशीच शिल्लक असते, खरी असेल, खोटी असेल, आपल्याला अजून कळलेलं नाही.

मग डावीकडच्या ओळीचे तुकडे करायचे, आणि हे कुणीच सांगत नाही म्हणून मला राग येतो. भावाच्या एका वाक्यात तीन दावे होते: असा एपिसोड आहे, तो शेवटचा आहे, त्यात ते मरतात. पहिला खरा, दुसरा खोटा, तिसरा न दाखवलेला. कार्टूनच्या जवळपास सगळ्या अफवा अशाच असतात, एक खरा दाणा आणि त्याभोवती भरपूर फोलपट. डोरेमॉन नोबिताला सोडून जातो? हो, तशी गोष्ट मांगात आहे, १९७४ ची. मग तोच शेवट? नाही, पुढच्याच महिन्यात तो परत येतो. नोबिता कोमात होता आणि सगळं स्वप्न होतं? असं मूळ लेखकाने कुठेच लिहिलेलं नाही, ते १९९६ ला गेले. तुम्ही एका झटक्यात "सगळं खोटं" म्हणालात की समोरचा तो खरा दाणा दाखवतो आणि तुमचं बाकीचंही कुणी ऐकत नाही.

एक इशारा अजून. "तर्कदोष!" असं ओरडणं आणि स्वतःचं म्हणणं कधीच न मांडणं याची सवय लागते, मला लागली होती. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधायला बोलतात तो वाद, जिंकायला बोलतात तो जल्प, आणि स्वतःची काही बाजूच न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडत बसतात ती वितंडा. वितंडवाद शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा नेमका अर्थ मला कळला तो मामाकडे अमळनेरला गेले असताना. तिथे प्रताप शेठजींनी १९१६ ला सुरू केलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे, त्यावरून घरात विषय निघाला आणि मामाने न्यायदर्शनातलं हे वर्गीकरण समजावून सांगितलं. तीन महिने मी ग्रुपवर जे करत होते त्याला नाव मिळालं. तेव्हापासून नियम केलाय, कुणाचं कारण खोडलं तर त्याच मेसेजमध्ये मला काय वाटतं आणि कशावरून ते लिहायचं, मग ते चुकीचं निघालं तरी चालेल.

सातवी: "खरा फॅन" आला की तो शब्दच काढून टाका

"खरा फॅन जपानीतच बघतो." बरं, मग हंगामा चॅनेलवर हिंदीत बघून ज्यांना सगळे डायलॉग पाठ आहेत त्यांना काय म्हणायचं? इथे भांडू नका. त्याला म्हणा "खरा" शब्द काढून वाक्य परत लिही. बहुतेक वेळा वाक्यच उरत नाही.

आठवी: उत्तर लिहा

चार ओळींच्या वर नाही. कबूल काय ते आधी, नाकबूल काय ते नंतर, शेवटी एक प्रश्न. दोषाचं नाव कुठेही नाही. रात्री अकरानंतर पाठवायचं नाही.

नमुना म्हणून, मी भावाला शेवटी जे पाठवलं ते देते, वर्षभर उशिराने का होईना: "एपिसोड आहे हे तुझं बरोबर होतं, मी नाही म्हणाले ते चुकलं. पण तो १९५६ चा आहे आणि त्यांचे नवे १९५८ पर्यंत येत होते, म्हणून शेवटचा नाही. मरताना दाखवलंय असं मला दिसलं नाही, शिटी ऐकू येते फक्त. तुला अजून कुठे काही दिसलं का?"

त्याने दोन तासांनी उत्तर दिलं. परत सगळं बघितलं म्हणे, शिटीच शे.