विसरायला होतंय? एक वही घाला

सत्तरीच्या आसपास नावं उशिरा आठवतात, कपाटापाशी गेल्यावर कशाला आलो तेच सुचत नाही. अशा नेहमीच्या विसरण्याला हाताने लिहिलेलं टिपण चांगलं पुरतं. मात्र त्याला शिस्त लागते.

आधी चिठ्ठ्या बंद करा. फ्रिजवर एक, देवघरात एक, चष्म्याच्या डबीत एक अशा ठेवल्या की चिठ्ठीच शोधत बसावं लागतं. एकच वही, पिशवीत मावेल अशी, पेन दोरीने बांधलेलं. देखणी डायरी नको. ती खराब होईल म्हणून माणूस लिहीतच नाही. अक्षर मोठं काढा, एक ओळ सोडून लिहा.

खरी मेख लिहिण्यात आहे. नुसतं ‘बँक’ लिहिलं तर दोन दिवसांनी त्याचा काही बोध होत नाही. ‘मंगळवार सकाळी 11, राम मारुती रोडच्या बँकेत पासबुक भरून आणणे, पासबुक वरच्या खणात’ असं लिहा: काय करायचं, कधी, कुठे. आणि आठवल्या क्षणी लिहा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. 1885 साली त्याने मांडलं की पाठ केलेलं तासाभरातच निम्म्याहून जास्त उडून जातं. चहा संपवून लिहू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

औषधांचं पान वेगळं ठेवा. तारीख, सकाळ, दुपार, रात्र असे रकाने आखा. बरोबरची खूण गोळी गिळल्यावरच करायची, पाकिटातून काढल्यावर नव्हे. खूण नाही आणि आठवतही नाही, तर अंदाजाने दुसरी गोळी घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ती आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. तिचा वार लाल पेनाने लिहा.

वर्षाची कामं भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात, तर ऑक्टोबरच्या पानावरच आठवण लिहून ठेवा. एटीएमचा पिन मात्र वहीत नको.

रात्री जेवणानंतर दिवसाचं पान वाचा, राहिलेली कामं उद्याच्या पानावर घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात, मग वही नुसती भरत जाते. घरच्यांनी वही पाहून टोमणे मारू नयेत, एवढं झालं तरी पुष्कळ.

वहीतलं अक्षर आपलं आहे, पण ते कधी लिहिलं हेच आठवत नाही, किंवा तलावपाळीवरून घरी येताना रोजचा रस्ता चुकतो, असं झालं तर डॉक्टरांकडे जा. बी-12ची कमतरता, थायरॉइडचा विकार, झोपेच्या काही गोळ्या यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपाय असतो. जाताना ही वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.