भिवंडीत गोदामाची नोकरी धरताय? पहिले काही महिने इन्वर्डला काढा

लॉजिस्टिक्सचा डिप्लोमा करून आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, इथे डब्ल्यूएमएस कोणतं आहे?" म्हणजे गोदाम सांभाळायचं सॉफ्टवेअर. ते हात फिरला की येतं. त्यापेक्षा सुरुवातीला इन्वर्ड, म्हणजे आलेला माल आत घ्यायचं काम, मागून घ्या. गाडी डॉकला लागली की सील तपासायचं, बिल्टी (ट्रान्सपोर्टरची माल-पावती) आणि बिल जुळवायचं, पेट्या मोजायच्या, ओला-फुटका माल वेगळा काढायचा, बॅच आणि एक्सपायरी बघायची, मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. काम कंटाळवाणं आहे खरं. पण बारा नगांची पेटी इथे दहाची म्हणून चढली, तर तो घोळ स्टॉक मोजतानाच वर येतो. तोवर ड्रायव्हर बिल्टीवर तुमची 'माल बरोबर' अशी सही घेऊन गेलेला असतो.

हा धंदा भिवंडीतच का फोफावला? मुंबई-ठाण्याची बाजारपेठ हाकेवर, नाशिक महामार्ग दारात, आणि मानकोली, दापोडे, काल्हेर ही गावं ग्रामपंचायतींची, म्हणजे तिथे जकात नव्हती. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. आता भिवंडी संपली, असं काही जण म्हणत होते. झालं उलटंच. केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत छोटे डेपो ठेवत, त्यांची गरज उरली नाही. डेपो कमी झाले आणि पडघ्याकडे मोठाल्या शेड उभ्या राहिल्या. तुमची नोकरी बहुधा त्यातल्याच एखादीत असेल.

इन्वर्ड पक्कं झालं की डिस्पॅच, म्हणजे माल बाहेर पाठवणं. इथे दिवस उलटा आखायचा. गाडी कधी निघायला हवी ते आधी ठरवा, मग मागे मागे येत लोडिंग, पॅकिंग, पिकिंग (ऑर्डरचा माल जागेवरून काढणं). मुंबई-ठाण्यात जड वाहनांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते आणि अंजूर फाट्याची कोंडी कोणाला चुकत नाही. गाडी अर्धा तास उशिरा निघाली तरी बंदीत अडकून दुपार जाते, पार्टी, म्हणजे माल घेणारा ग्राहक, माल घेत नाही, वर हॉल्टिंग (गाडी थांबून राहिल्याचे पैसे) भरा.

गाडी भरण्यात तर खरी गंमत आहे. बत्तीस फुटी कंटेनरमध्ये चिप्स भरा, गाडी गच्च होते पण वजन किरकोळ. रंगाचे डबे भरा, वजन संपतं आणि वर अर्धी गाडी हवा. म्हणून शहाणा प्लॅनर एकाच मार्गावरचा जड आणि हलका माल एकत्र करतो, जड खाली, हलका वर. शेवटी उतरायचा माल आधी आत जातो. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी घाईत तेच चुकतं.

ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, सवय पहिल्या दिवसापासून लावा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाच्या किमतीची मर्यादा १ लाख रुपये, त्यावर बिल लागतं, राज्याबाहेर माल चालला तर ५० हजार. नेहमीच्या ट्रकला दर २०० किलोमीटरमागे बिलाची एक दिवसाची मुदत मिळते. समृद्धी महामार्ग इथूनच, भिवंडी तालुक्यातल्या आमण्याहून सुरू होतो. त्या ७०१ किलोमीटरवरून नागपूरला चार दिवस मिळतात, भरपूर झाले. भानगड होते ती वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत चढवला तर. नवा गाडी नंबर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये (गाडीची माहिती भरतात तिथे) टाकल्याशिवाय चाक हलू देऊ नका.

माथाडींबद्दल कोर्समध्ये फार शिकवत नाहीत. १९६९ च्या कायद्याखाली नोंदलेल्या टोळीची मजुरी आणि लेव्ही (कामगारांच्या सोयीसवलतींसाठी मजुरीवर लागणारी जादा रक्कम) माथाडी मंडळात भरावी लागते. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे) कोण देणार, पार्टी की ट्रान्सपोर्टर, हे गाडी बोलावतानाच ठरवा. नाहीतर डॉकवर भांडण आणि मागे गाड्यांची रांग. टोळीच्या मुकादमाशी नीट बोला. कुठली पेटी कशावर रचायची, हे त्याला तुमच्या स्क्रीनपेक्षा जास्त कळतं.

मुलाखतीत पगाराबरोबर तीन गोष्टी विचारा: रात्रपाळी किती, कंपनीची बस कुठून सुटते, आणि सायकल काउंट (थोडा थोडा स्टॉक आळीपाळीने मोजणं) रोज होतो का. तिसऱ्यावर समोरचा घुटमळला, तर वर्षअखेरीच्या स्टॉकटेकला, म्हणजे सगळा माल मोजताना, रात्री तिथेच काढाव्या लागणार हे धरून चला.