हात न माखता रंगकाम

दीड-दोन वर्षांच्या मुलाला रंग हवेत आणि भाड्याच्या फ्लॅटच्या भिंतीही सांभाळायच्या आहेत? झिपची प्लास्टिक पिशवी घ्या. जाडच घ्या, पातळ पिशवी नखाने फाटते. आत पांढरा कार्डपेपर सरकवून त्यावर लाल आणि पिवळा पोस्टर कलर चमचा-चमचाभर टाका. हवा दाबून काढा, झिप लावा, वर रुंद चिकटपट्टी मारा आणि चारही कडा फरशीला चिकटवा. बाळ बोटांनी दाबत, थापट्या मारत बसतं. दोन रंग मिसळून नारिंगी उमटला की थबकून बघतं. ही गंमत आधी सांगून टाकू नका, त्याची त्यालाच सापडू द्या.

रंगच नको असतील तर पाटी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत विचारा. वाटीत बोटभर पाणी आणि जाड दांड्याचा ब्रश दिला की झालं. ओली रेघ काळीभोर दिसते आणि पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत बघता बघता वाळून पाटी पुन्हा कोरी होते. बाल्कनीतल्या शहाबादी फरशीवरही हे छान जमतं. पिशवी असो की पाणी, मोठं माणूस मात्र शेजारीच हवं.