मावसबहिणीचं नवं घर आणि आमच्या भिंतीवरची रेघ

माझ्या मावसबहिणीने कॅनडातल्या नव्या घराचे फोटो टाकले, तेव्हा मी वडोदऱ्यातल्या आमच्या खोलीची भिंत खरवडत होते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, ओसरलं आणि कमरेएवढ्या उंचीवर मातकट रेघ ठेवून गेलं. एका हातात पत्रा, दुसऱ्या हातात फोन. घशाखाली काहीतरी आवळलं. तेव्हापासून मी जे करते, ते लिहिते आहे. रात्री अकराला दुसऱ्यांचे फोटो बघून ज्यांची झोप उडते, त्यांच्यासाठी.

आधी अंगठा थांबवा. फोन लगेच बाजूला टाकू नका. फोटो समोरच असू द्या आणि अंगात नेमकं कुठे लागलं ते शोधा. मला घशात लागतं, आईला कपाळात. सतिपट्ठानात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेच्या शिकवणीत, वेदना (अंगाला-मनाला जे जाणवतं ते) तीन प्रकारच्या सांगितल्या आहेत: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली. मनात एवढंच म्हणा, "दुःखद वेदना आहे." हा हेवा की लाज, ही चौकशी आत्ता नको. श्वास येऊ-जाऊ द्या. आवळलेलं सैल पडतं, सरकतं, कधी उलट वाढतंही. वाढलं तरी बघत राहा. एक क्षणही ते जसंच्या तसं राहत नाही, हे स्वतःच्या घशात कळलं की 'अनिच्च' (अनित्य) हा शब्द पुस्तकातला राहत नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. मला महिनाभर एवढंच जमत होतं.

मग मोजपट्टी ओळखा. पालीत तिला 'मान' म्हणतात. मी वरचढ, मी बरोबरीची, मी खालची, हे तिन्ही मानच. खालची वाटणं सहज पकडता येतं. पण ओळखीतल्या एकाचं दुकान बंद झाल्याची पोस्ट वाचून मला क्षणभर हलकं वाटलं होतं, आणि तो हलकेपणाही त्याच पट्टीवरचा होता. म्हणून गोड वाटलं तरी तपासा. स्वतः फोटो टाकून लाइक मोजत बसाल, तेव्हाही. प्रशंसा-निंदा, यश-अयश ही आठ लोकधर्मांतलीच, म्हणजे बुद्धांनी सांगितलेल्या जगाच्या आठ चढउतारांतलीच जोडपी आहेत, येतात आणि जातात.

यानंतर अनित्यता फोटोलाही लावा, पण जपून. "तिचंही जाईल," असं मनात आलं तर तिथेच थांबा, तो द्वेष आहे. म्हातारपण, आजार, मरण, आवडत्यांचा वियोग हे तिला आणि मला सारखंच आहे, असं म्हणा. मला यासाठी देवनी मोरी आठवते. गुजरातेतल्या शामळाजीजवळच्या त्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन 1960च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाने केलं. बुद्धांच्या अवशेषांचा करंडक वडोदऱ्यात आला आणि स्तूपाची जागा मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेली. ही गोष्ट आठवून मी आमच्या भिंतीकडे बघते तेव्हा ती रेघ माझ्या एकटीची वाटत नाही.

शेवटी तिला फोन करा. नुसता बदाम टाकून भागवू नका. मी विचारलं, "स्वयंपाकघरात ऊन कुठून येतं गं?" तिने कॅमेरा फिरवून खिडकी दाखवली आणि म्हणाली, "ताई, आपल्या सेव उसळीची तरी कशी करायची ते सांग ना." अर्धा तास बोललो. तिच्या आवाजातला आनंद माझ्यातही उतरला. मुदिता म्हणतात ती हीच, आणि ती विचार करून येत नाही, बोलून येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. अन्यायावर हा उपाय वापरू नका. सप्टेंबर 1917 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात राहायला खोली मिळाली नाही आणि ते कमाटीबागेत बसले. ते दुःख कुणाशी तुलना करून आलेलं नव्हतं. त्याला "सगळं अनित्य आहे" हे उत्तर नव्हतं, आणि त्यांनीही ते दिलं नाही. तुमचा पगार अडवला असेल, कुणी अपमान केला असेल, तर श्वास बघा आणि मग उठून भांडा.

बाकी रोजच्या टोचणीसाठी मी रविवारी सकाळी फोन घरी ठेवून कमाटीबागेत जाते. पहिली दहा मिनिटं हात पिशवीकडे जातो. तेही बघते.