रिपोर्टात 'ॲराक्नॉइड सिस्ट' आली आहे? एमआरआय असा तपासा

डोकेदुखीसाठी किंवा पडल्यावर केलेल्या स्कॅनमध्ये 'ॲराक्नॉइड सिस्ट' असं लिहून येतं आणि घरात 'मेंदूत गाठ निघाली' असा निरोप फिरतो. ही पाण्याची गाठ मेंदूच्या आत नसते, मेंदूवर असते, आणि कर्करोगाची नसते. मेंदूच्या तीन आवरणांपैकी मधलं आवरण बहुतेक वेळा गर्भातच दुभंगतं. त्याच्या दोन पदरांत मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे सीएसएफ, साठतं. मोठ्या माणसांच्या एमआरआयमध्ये शंभरात एक-दोघांना ती सापडते. पुरुषांत आणि डाव्या बाजूला जास्त. सुमारे निम्म्या सिस्ट कानशिलाच्या आतल्या खळग्यात असतात, बाकीच्या लहान मेंदूमागे, पिट्यूटरी ग्रंथीच्या वर किंवा कानाच्या नसेजवळ.

निदानाचा कणा एकच: आतलं पाणी प्रत्येक सिक्वेन्सवर, म्हणजे एमआरआयच्या प्रत्येक प्रकारच्या प्रतिमेवर, सीएसएफसारखंच दिसलं पाहिजे. त्यासाठी त्याच प्रतिमेतल्या व्हेंट्रिकलमधल्या (मेंदूच्या आतल्या पोकळीतल्या) पाण्याचा रंग आधी बघा आणि सिस्टचा रंग त्याच्याशी ताडून पाहा. टी-१ या सिक्वेन्सवर दोन्ही काळी, टी-२ वर दोन्ही पांढरी. फ्लेअरवर, म्हणजे सीएसएफचा उजळपणा दाबणाऱ्या सिक्वेन्सवर, सिस्ट पूर्ण काळी व्हायला हवी. पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या डीडब्ल्यूआय सिक्वेन्सवरही ती काळीच राहते. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, प्रतिमा उजळवणारं औषध) दिल्यावर कड उजळत नाही. सीटीवर आतल्या पाण्याची घनता साधारण ० ते १५ हाउन्सफील्ड युनिट भरते. शेजारचं कवटीचं हाड आतून पातळ झालेलं, बाहेर फुगलेलं असेल तर सिस्ट वर्षानुवर्षांची आहे असं समजावं. ही खूण फार मोलाची आहे.

सगळ्यात जास्त फसवते ती एपिडरमॉइड सिस्ट. टी-१ आणि टी-२ वर ती हुबेहूब सीएसएफसारखी दिसू शकते. पण तिच्या आत केराटिनचे (त्वचेतल्या प्रथिनाचे) थर असतात, त्यामुळे फ्लेअरवर ती पूर्ण काळी होत नाही आणि डीडब्ल्यूआयवर लख्ख पांढरी चमकते. शिवाय ॲराक्नॉइड सिस्ट नसा आणि रक्तवाहिन्या बाजूला ढकलते, तर एपिडरमॉइड त्यांना वेढत पसरते. म्हणूनच रिपोर्टात डीडब्ल्यूआयचा उल्लेख नसेल तर रेडिओलॉजिस्टला तो आवर्जून विचारा. मात्र नुसत्या फ्लेअरवर निकाल देऊ नका. सीएसएफच्या स्पंदनामुळे तिथे खोटा पांढरेपणा येतो, आणि सिस्टमध्ये रक्त उतरलं असेल तर खरी ॲराक्नॉइड सिस्टही उजळ दिसते.

आपल्याकडे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांचा मेंदूतला संसर्ग, विसरून चालत नाही. मेंदूतल्या सिस्टमध्ये कडेला बारीक ठिपका, म्हणजे अळीचं डोकं, दिसलं तर निदान जवळजवळ पक्कं. पण मेंदूच्या घड्यांमध्ये द्राक्षाच्या घोसासारख्या वाढणाऱ्या प्रकारात तो ठिपका बहुधा सापडतच नाही. तिथे सिस किंवा फिएस्टा या पातळ काप घेणाऱ्या सिक्वेन्स सिस्टचं पातळ पटल दाखवतात. आकडीचा त्रास असेल किंवा मेंदूत इतरत्र कॅल्शियमचे ठिपके असतील तर हा विचार आधी करा. भिंतीला उजळणारी गुठळी चिकटलेली असेल तर सिस्ट असलेल्या ट्यूमरची शक्यता तपासावी लागते.

चित्र स्पष्ट असेल तर बायोप्सी लागत नाही. शस्त्रक्रिया झाली आणि भिंतीचा तुकडा पॅथॉलॉजीला गेला, तर ॲराक्नॉइड पेशींचा पातळ थर आणि कोलॅजन दिसतं. पेशींचा प्रकार ओळखण्याच्या चाचण्यांत त्या पेशी ईएमए पॉझिटिव्ह, जीएफएपी निगेटिव्ह असतात. श्लेष्मा बनवणाऱ्या उभट पेशी दिसल्या तर ती न्यूरेंटेरिक सिस्ट (आतड्यासारख्या अस्तराची सिस्ट) असू शकते.

कानशिलाकडच्या सिस्टसाठी १९८२ सालचं गॅलासी वर्गीकरण वापरतात. पहिला प्रकार टेम्पोरल भागाच्या टोकाशी छोटा. दुसरा सिल्व्हियन घडीत (मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत) शिरलेला. तिसरा मोठा, मेंदूची मध्यरेषा सरकवणारा. आकारमान काढायचं तर तीन बाजूंचं माप सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करा आणि त्याला ०.५२ ने गुणा: ४ × ३ × ३ ची सिस्ट सुमारे १९ मिलिलिटर भरते.

पण आकारापेक्षा त्रास महत्त्वाचा. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि डोकेदुखी असली तरी तिचं कारण सिस्टच असेल असं नाही. सकाळची वाढती डोकेदुखी व उलटी, नजर कमी होणं, बाळाच्या डोक्याचा घेर भराभर वाढणं, पिट्यूटरीवरच्या सिस्टमध्ये लवकर वयात येणं, या गोष्टी असतील तर न्यूरोसर्जनकडे जा आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. कानशिलाजवळची मोठी सिस्ट असेल तर किरकोळ मारानंतरही सबड्यूरल (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली) रक्तस्राव होऊ शकतो; डोकं आपटल्यानंतर वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर लगेच सीटी करा.

चार वर्षांखालच्या मुलांत सिस्ट वाढण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांना पुन्हा एमआरआय सांगतात. त्रास नसलेल्या मोठ्यांना वारंवार स्कॅनची सहसा गरज पडत नाही. पुढचा स्कॅन ठरलाच तर जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या. फक्त कागदावरचा रिपोर्ट असला की त्याच पातळीवर मोजमाप जुळवता येत नाही, आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक उगाच 'वाढ' म्हणून नोंदला जातो.